मॉरिशसला गेलेल्या पणजोबांचे कष्ट कसे शोधायचे

घरचं कोणी रत्नागिरीकडून मुंबई बंदरातून मॉरिशसला मळ्यावर राबायला गेलं असेल आणि त्याचा माग काढायचाय, तर सुरुवात स्वतःपासून करा. आपला जन्मदाखला, मग आईवडिलांचा, मग आजीआजोबांचे जन्म-लग्नाचे दाखले, असं एकेक पिढी मागे जायचं. थेट आडनावावरून शोधायला गेलात तर फसाल, कारण तिकडे बऱ्याच घरांत बापाचं नावच मुलाला आडनाव म्हणून चिकटलंय, आणि कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलंय. स्पेलिंगवर अडू नका, नाव मोठ्याने म्हणून बघा.

दाखले घेऊन मॉरिशसमधल्या मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जायचं, 1834 पासून आलेल्या करारी मजुरांच्या नोंदी तिथे आहेत. प्रत्येकाला नंबर असायचा, तो सापडला की अर्धं काम झालं. जहाज, वय, बापाचं नाव, जात, गाव, उंची, अंगावरची खूण, नंतरच्या काळातल्या काहींचे तर फोटोसुद्धा. राजधानी पोर्ट लुईला आप्रवासी घाट, म्हणजे मजूर जहाजातून उतरायचे ती जागा, तीही बघून या, त्या 16 पायऱ्या चढूनच ही माणसं आत आली.

पण प्लीज इथे थांबू नका, त्या नोंदीचं सर्टिफिकेट मिळालं, फ्रेम करून भिंतीला लावलं, झालं, असं करू नका. करार 5 वर्षांचा, पगार महिना 5 रुपयांच्या आसपास, वर तांदूळ-डाळ, आणि एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचे, मग ह्यातून शिल्लक पडली कशी हे शोधा ना! साखरेचा धंदा बसला तशा मालकांनी मळ्यांच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या, 1880 नंतर तर जोरात, आणि मजुरांनी पै पै साठवून त्या घेतल्या. पुढच्या पिढ्या शिकल्या, उभ्या राहिल्या त्या बऱ्याचदा ह्याच तुकड्यावर. म्हणून जमिनीचं खरेदीखत शोधाच, नोटरीच्या कागदांत मिळू शकतं, आणि त्यात बायकांची नावं आहेत का तेही बघा, त्या पण तेवढ्याच राबल्यात.

गाय कोणी पाळली, दूध कुठे घातलं, कुठला दागिना मोडला, हे मात्र कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतं, ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं. आजी क्रिओलमध्ये, म्हणजे तिकडच्या रोजच्या बोलीत, बोलली तर बोलू द्या, मधे तोडू नका, मोबाईलवर रेकॉर्ड करा, सुरुवातीला तारीख आणि तिचं पूर्ण नाव बोलून घ्या आणि कॉपी त्याच दिवशी सगळ्या भावंडांना पाठवा.