सर्व, काही, फक्त: सिलॉजिझममध्ये मार्क जातात ते इथे

आमच्या अभ्यासिकेत बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी परवा वही घेऊन आली. "दादा, आकृती नीट काढते, तरी उत्तर चुकतं." वही बघितली. वर्तुळं अगदी सुबक. चूक आकृतीच्या आधीच, वाक्य वाचताना झाली होती. प्रश्नात होतं 'फक्त शिक्षक वक्ते आहेत', आणि तिने शिक्षकांचं वर्तुळ वक्त्यांच्या आत टाकलं होतं.

बँक असो, तलाठी असो की एमपीएससीचा सीसॅट, सिलॉजिझमच्या, म्हणजे 'विधाने व निष्कर्ष' या प्रश्नांत दिलेली विधानं खरी धरून कोणता निष्कर्ष नक्की निघतो ते सांगायचं असतं; त्यासाठी प्रत्येक गटाचं एक वर्तुळ काढतात. या प्रश्नांचा सगळा संसार चार वाक्यांत चालतो. सर्व अ ब आहेत. एकही अ ब नाही. काही अ ब आहेत. काही अ ब नाहीत. ॲरिस्टॉटलपासून हीच चार वाक्यं चालत आली आहेत. समोरचं वाक्य यांपैकी नेमकं कोणतं, हे ठरवतानाच बहुतेक जण घसरतात, कारण तिथे आपली रोजची मराठी मध्ये येते.

'फक्त' उलटा वाचणे

पण इथे मराठीच मदतीलाही येते. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा: 'आंबे गोडच असतात' आणि 'आंबेच गोड असतात'. पहिल्यात एकही आंबा आंबट नाही, म्हणजे आंब्यांचं वर्तुळ गोडाच्या आत. दुसऱ्यात आंब्याशिवाय काही गोडच नाही, ऊस आणि चिकूसुद्धा बाद. म्हणजे गोडाचं वर्तुळ आंब्यांच्या आत. 'च' ज्या शब्दाला चिकटतो, त्याचं वर्तुळ बाहेरचं.

आता 'फक्त शिक्षक वक्ते आहेत' हे वाक्य 'च' लावून लिहा: 'शिक्षकच वक्ते आहेत'. बाहेर शिक्षक, आत वक्ते. म्हणजेच 'सर्व वक्ते शिक्षक आहेत'. सर्व शिक्षक वक्ते आहेत असं इथे कुणी म्हटलेलंच नाही.

'फक्त काही अ ब आहेत' हे मात्र वेगळं प्रकरण आहे. त्यात दोन विधानं दडलेली असतात: काही अ ब आहेत, आणि काही अ ब नाहीत. दुसरं लिहायचं राहून जातं.

'सर्व… नाहीत' म्हणजे 'एकही नाही' समजणे

'वर्गातली सगळी मुलं आली नाहीत' असं बाई म्हणाल्या, तर वर्ग रिकामा आहे असं आपण समजत नाही. काही आली, काही नाही आली. पण पेपरमध्ये 'सर्व अ ब नाहीत' दिसलं की हात आपोआप दोन वेगळी वर्तुळं काढतो. हे वाक्य मराठीत खरोखरच दुटप्पी आहे, आणि माझ्या मते पेपर काढणाऱ्याने ते वापरूच नये. 'एकही' किंवा 'कोणताही' असे स्वच्छ शब्द असताना का वापरायचं? तरी आलंच, तर पेपर दोन भाषांत असेल तेव्हा शेजारची इंग्रजी ओळ बघा. तिथे 'नो'ने सुरुवात असेल तर 'एकही नाही'. तशी सोय नसेल तर कमी दावा करणारा अर्थ धरा: काही अ ब नाहीत.

'काही'मध्ये 'उरलेले' ऐकू येणे

'काही लाडू संपले' म्हटलं की डब्यात काही उरलेत असं आपण धरतो. तर्कशास्त्रातला 'काही' इतकं बोलत नाही. त्याचा अर्थ 'निदान एक', कदाचित सगळेच. म्हणून 'काही वह्या पुस्तके आहेत' यावरून 'काही वह्या पुस्तके नाहीत' हा निष्कर्ष निघत नाही. आपल्याकडे सर्वाधिक चुकणारा पर्याय हाच असावा असं वह्या तपासताना मला वाटत आलंय.

विधान उलटं करणे

न्यायदर्शनातलं, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्रातलं उदाहरण आठवा. जिथे धूर तिथे अग्नी; डोंगरावर धूर दिसतोय, म्हणून तिथे अग्नी आहे. हे बरोबर. आता उलटं करा: जिथे अग्नी तिथे धूर. नैयायिक लगेच तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे करतात. अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला सरपण ओलं लागतं, हेही ते सांगतात. चूल पेटवलेल्या कुणालाही ते पटेल.

'सर्व अ ब आहेत' उलटं केलं की हाती 'काही ब अ आहेत' एवढंच लागतं. 'एकही नाही' आणि 'काही आहेत' ही दोन्ही जशीच्या तशी उलटतात. 'काही अ ब नाहीत' उलटतच नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका.

(इथे एक मेख आहे. 'सर्व'वरून 'काही' निघतं, ते गट रिकामा नाही असं धरल्यावर. स्पर्धा परीक्षेत गट रिकामा नाही असंच धरतात, तेव्हा हा वाद परीक्षेनंतर घाला.)

एकच आकृती काढून थांबणे

विधाने: सर्व कप बशा आहेत. काही बशा चमचे आहेत.
निष्कर्ष: १) काही कप चमचे आहेत. २) एकही कप चमचा नाही.

कपांचं वर्तुळ बशांच्या आत. चमच्यांचं वर्तुळ कपांनाही छेदून गेलं तर पहिला निष्कर्ष खरा दिसतो. तेच चमचे बशीच्या दुसऱ्या कडेला सरकवा, कपांना न लागता. आता दुसरा खरा. दोन्ही चित्रं नियमात बसतात, म्हणून एकटा कोणताच निष्कर्ष निश्चित नाही. पण दोन्ही एकदम खोटेही पडू शकत नाहीत, म्हणून उत्तर 'एकतर १ किंवा २'.

दुसऱ्या निष्कर्षाच्या जोडीला 'सर्व कप चमचे आहेत' असतं, तर हे उत्तर चुकलं असतं. 'सर्व' आणि 'एकही नाही' दोन्ही खोटे असू शकतात: काही कप चमचे आहेत, काही नाहीत. जोडी जुळते ती 'काही आहेत' आणि 'एकही नाही' यांची, किंवा 'सर्व आहेत' आणि 'काही नाहीत' यांची, तीही दोन्ही वाक्यांत अ आणि ब तेच, त्याच क्रमाने असताना.

'सर्व कप चमचे असण्याची शक्यता आहे' असा निष्कर्ष आला तर कसोटी बदलते. निश्चित निष्कर्ष प्रत्येक चित्रात टिकावा लागतो, शक्यतेला एक चित्र पुरतं. चमच्यांचं वर्तुळ कपांना पोटात घेईल इतकं मोठं काढा. जमलं. शक्यता खरी.

क्लासमध्ये आपण 'वेन आकृती' म्हणून जी एकात एक वर्तुळं काढतो, ती खरं तर गणितज्ञ ऑयलरच्या पद्धतीची. तर्कशास्त्रज्ञ जॉन वेनने १८८०मध्ये मांडलेल्या पद्धतीत तिन्ही वर्तुळं कायम एकमेकांना छेदतात. रिकामा भाग रेघांनी भरायचा, आणि नंतर रुळलेल्या रीतीप्रमाणे नक्की कुणीतरी आहे तिथे फुली. वरच्या प्रश्नात फुली नेमकी कपाच्या रेषेवर बसते: आत की बाहेर, ठरत नाही. एकाच चित्रात अडकायची सवय असेल तर निदान सरावाला हीच पद्धत वापरा. वेळ जास्त जातो, हे खरं.

बाकी किरकोळ. 'सर्व पेन झाडे आहेत' वाचून हसू आलं तरी विधान खरंच धरायचं. दोन नकारी विधानांतून दोन टोकांच्या गटांचा, म्हणजे एकेकाच विधानात आलेल्या गटांचा, संबंध निघत नाही, हे पाठ असतं. पण म्हणून डोळे मिटून 'एकही निष्कर्ष नाही'वर खूण करू नका. पर्यायांत एखादं दिलेलंच विधान नुसतं उलटं करून ठेवलेलं असतं, आणि ते बरोबर असतं.

त्या मुलीला मी चुकलेल्या प्रत्येक उत्तरासमोर फक्त एक शब्द लिहायला सांगितलं: ज्या शब्दावर घसरली तो. पहिल्या पानावर 'फक्त' चार वेळा होता. मग तिला लोकलच्या डब्यावरची पाटी विचारली, 'फक्त महिलांसाठी'. म्हणजे सगळ्या महिला याच डब्यात चढतात का? ती हसली, आणि वहीतलं शिक्षकांचं वर्तुळ खोडून बाहेर काढलं.