पॅटचे गुण नुसते भरू नका, वाचा

पॅट म्हणजे शाळांतली नियतकालिक मूल्यांकन चाचणी: आधी पायाभूत चाचणी, मग संकलित 1 आणि 2. भाषा, गणित, इंग्रजीचे गुण ऑनलाइन चढवले की काम संपलं, असं बऱ्याच शाळांत होतं. आधी प्रश्ननिहाय तक्ता करा: आडवी ओळ मुलाची, उभा रकाना प्रश्नाचा, बरोबरला 1, चुकीला 0. रकान्यात निम्म्याहून जास्त शून्यं असली तर तो घटक अख्ख्या वर्गाला पुन्हा शिकवा. मोजकीच असली तर तेवढ्या मुलांना वेगळं बसवा.

चूक मात्र उत्तरपत्रिकेतच पाहा. 402 − 178 चं उत्तर 376 आलं, तर मुलानं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान वजा केलाय. हातच्याची वजाबाकी कच्ची आहे, काड्या-गठ्ठे काढा.

नागपुरात घरी हिंदी बोलणारी मुलंही बरीच. शाब्दिक उदाहरण चुकलं तर तेच तोंडी विचारा: 3 डझन संत्र्यांतली 8 सडली, उरली किती? पटकन 28 आलं, तर अडलंय वाचन, गणित नाही.

दोन चाचण्यांतले समान घटकच ताडून बघा, एकूण गुण नकोत. आणि उन्हाळ्यात गैरहजरी वाढते. गैरहजर मुलाला 0 देऊ नका, त्याची ओळ कोरी ठेवा. नाहीतर वर्गाची सरासरी उगाच पडते.