किडनी बदललेल्या माणसाचा खोकला: या चुका टाळा

प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि प्रेडनिसोलोन या गोळ्या शरीराला नव्या किडनीवर तुटून पडू देत नाहीत. पण त्यांच्यामुळेच एरवी कुणाला काही न करणारी बुरशी आणि जंतू फुफ्फुसात घर करतात. पहिल्या महिन्यात भीती दवाखान्यातल्या जंतूंची. त्यानंतर सहाव्या महिन्यापर्यंत न्यूमोसिस्टिस आणि ॲस्परजिलस या बुरशी, सीएमव्ही हा विषाणू आणि नोकार्डिया हा जिवाणू यांचा जोर असतो. टीबीला आपल्याकडे मुदत नाही, तो वर्षांनीही उपटतो. आणि बऱ्याचदा प्रकरण हाताबाहेर जातं ते खोकल्याच्या पहिल्या दोन दिवसांत जवळच्या मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांनी.

ताप नाही म्हणून वाट पाहणे

प्रेडनिसोलोन ताप दाबून ठेवतं. थर्मामीटरवर १००.४ दिसलं तर त्याच दिवशी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना फोन करायचाच, पण नुसती कणकण, भूक मेलेली आणि कोरडा खोकला एवढ्यावरही करायचा. न्यूमोसिस्टिसमध्ये बेडका फारसा पडत नाही, बसल्या जागी माणूस ठीक वाटतो आणि माडी चढताना धाप लागते.

कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटातून काढा. मेंदी किंवा नेलपॉलिश नसलेलं, गार न पडलेलं बोट घ्या. बसून आकडा लिहा, मग घरातच सपाट जागेवर सहा मिनिटं चाला आणि पुन्हा बघा. तीन किंवा जास्त अंकांनी उतरला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. चालताना धाप लागली तर तिथेच थांबा, आणि बसल्या जागीच ९४ च्या खाली असेल तर चालून बघूच नका, थेट दवाखाना गाठा.

एक्स-रे साफ आला म्हणून निर्धास्त होणं हीही याच जातीची चूक. सुरुवातीला एक्स-रे साफ असू शकतो; छातीचा सीटी स्कॅन लागतो.

‘डेक्सा’ आणि हाताला येईल ते अँटिबायोटिक

डेक्सामेथासोनच्या इंजेक्शनाने संध्याकाळपर्यंत बरं वाटतं, कारण ते स्टिरॉइड आहे. आत जंतू वाढतच असतो. लिव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूवरही अर्धवट काम करतं, त्यामुळे खोकला आठवडाभर कमी होतो आणि निदान लांबतं. क्लॅरिथ्रोमायसिनने टॅक्रोलिमसची (टॅक्रोची) रक्तातली लेव्हल काही दिवसांतच चढते: हात थरथरतात, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढतं. अंगदुखीसाठी घेतलेलं आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक थेट किडनीवर येतं. पॅरासिटामॉल चालतं, पण आधी ताप मोजून वेळेसह लिहून ठेवा.

उलट टोकाची चूक म्हणजे इन्फेक्शन झालं म्हणून आपल्या मनाने सगळ्या गोळ्या बंद करणं. कमी करायच्या त्या प्रत्यारोपणाचे डॉक्टर ठरवतात, बहुधा आधी मायकोफिनोलेट. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड तर एकदम कधीच सोडायचं नाही.

टीबीचं किट तसंच सुरू करणे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. सरकारी कार्यक्रमातल्या एकत्रित गोळ्यांत रिफाम्पिसिन असतं. ते यकृतातली टॅक्रोलिमस मोडणारी यंत्रणा वेगात चालवतं. रुग्ण टॅक्रोची गोळी वेळेवर घेतो, पण आठवड्या-दोन आठवड्यांत लेव्हल तळाला जाते आणि किडनी नाकारली जाऊ शकते. टॅक्रोचा डोस दुप्पट-तिप्पट किंवा त्याहून जास्त करावा लागतो, नाहीतर रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन वापरतात. किटमधल्या इथॅम्ब्युटॉलचा डोसही किडनीच्या कामाप्रमाणे बदलतो. म्हणून किट हातात मिळालं की आधी प्रत्यारोपण केंद्राला फोन. केंद्र पुण्यात असो की हैदराबादला, त्यांना आणि टीबीच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. उपचार संपले की रिफाम्पिसिनचा हा परिणाम दोनेक आठवड्यांत ओसरतो. तेव्हा वाढवलेला डोस तसाच राहिला तर लेव्हल अंगावर येते.

बुरशीवरच्या व्होरिकोनाझोलचं नेमकं उलटं: टॅक्रोचा डोस साधारण एक तृतीयांशावर आणावा लागतो. ते म्युकरवर (काळ्या बुरशीवर) चालतही नाही. साखर वाढलेली असेल आणि नाकातून काळपट खपली निघत असेल तर हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

सँपल चुकवणे

बेडका पहिल्या अँटिबायोटिकच्या आधी द्यायचा. सकाळी चहापूर्वी साध्या पाण्याने चूळ भरा, खोल श्वास घेऊन छातीतून खोका, रुंद तोंडाच्या डबीत घ्या. पातळ लाळ उपयोगाची नाही. बेडका येतच नसेल तर दुर्बिणीने फुफ्फुसात थोडं पाणी सोडून ते परत ओढून तपासतात. नातेवाईक त्याला घाबरून नको म्हणतात आणि अंदाजाने औषधं चालू राहतात.

टॅक्रो लेव्हलचं रक्त रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी. किनवट किंवा उदगीरहून पहाटेच्या गाडीने निघताना सवयीने गोळी घेतली जाते आणि आकडा खोटा वाढलेला येतो. गोळी खिशात ठेवा, रक्त दिल्यावर घ्या.

‘कोर्स संपला’ म्हणून सेप्ट्रान बंद

कोट्रायमोक्साझोल (म्हणजेच सेप्ट्रान; ८०/४०० रोज, किंवा डबल स्ट्रेंथ आठवड्यातून तीनदा) न्यूमोसिस्टिस अडवण्यासाठी साधारण ६ ते १२ महिने असतं, बऱ्याच केंद्रांत त्याहून जास्त. नोकार्डियालाही ते बऱ्यापैकी आवर घालतं. क्रिएटिनिन किंवा पोटॅशियम वाढलं तर विचारून डोस बदलतात. रिजेक्शनसाठी (शरीर किडनी नाकारू लागलं म्हणून) जोरदार स्टिरॉइड किंवा एटीजी हे प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन दिलं असेल तर हे संरक्षण पुन्हा सुरू करायचं असतं, ते हटकून राहून जातं.

धूळ, कूलर, काढा

सोयाबीनची रास, हळदीचं पॉलिश, भिजून बुरसलेला कडबा उपसणं ही कामं पहिलं वर्षभर दुसऱ्या कुणाला द्या. गमछा बांधून बुरशीचे कण अडत नाहीत. जावंच लागलं तर नाकावर घट्ट बसणारा एन-९५. कबुतरांची घाण आपण झाडायची नाही. कूलरचं जुनं गवत उन्हाळ्याआधी बदला, टाकी आठवड्याला रिकामी करून घासून वाळवा. दोन्ही कामं घरातल्या दुसऱ्याने करावीत.

गुळवेलीचा काढा ‘प्रतिकारशक्तीसाठी’ देणारे शेजारी भेटतातच. इथे प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली आहे, शिवाय गुळवेलीने यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. पपनसही नको, टॅक्रो वाढतो.

फ्लूची मेलेल्या विषाणूची लस दरवर्षी, न्यूमोकोकलची डॉक्टरांनी सांगितलेल्या क्रमाने. नाकात फवारायची फ्लूची लस, गोवर-रुबेला आणि कांजण्यांची लस जिवंत विषाणूंच्या असतात, त्या रुग्णाला चालत नाहीत. घरातल्या बाकीच्यांनी मात्र फ्लूचं इंजेक्शन जरूर घ्यावं.