अनोळखी लेबलची सोल-फंक फॉर्टी-फाइव्ह पारखून कशी घ्यावी

सोल आणि फंक या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतप्रकारांतला खरा दुर्मिळ माल बहुतेक वेळा सात इंची असतो. आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये मिनिटाला ४५ फेऱ्यांची ही तबकडी, म्हणजेच फॉर्टी-फाइव्ह, बाजारात आणली. पुढे साठच्या दशकात डेट्रॉइट, शिकागो, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स, ह्यूस्टन, मायामी अशा शहरांत ज्याच्याकडे दोन गाणी आणि थोडे पैसे होते, त्याने स्वतःचं लेबल, म्हणजे छोटी रेकॉर्ड कंपनी, काढलं. पाचशे-हजार प्रती काढून घ्यायच्या, काही रेडिओवाल्यांना वाटायच्या, उरलेल्या गाडीच्या डिकीतून विकायच्या. वितरक मिळायचा नाही, मिळाला तर पैसे द्यायचा नाही. गाणं पडलं की गठ्ठे तळघरात जायचे, नाहीतर दळून त्याच प्लास्टिकची दुसरी रेकॉर्ड निघायची. रेकॉर्ड दुर्मिळ झाली ती बहुधा अशी, तेव्हा कुणी घेतली नाही म्हणून.

या तबकड्यांना चित्राचं कव्हर जवळपास कधीच नसतं. साधं कागदी पाकीट, तबकडीच्या मध्ये गोल छापील लेबल, आणि लेबलभोवती गुळगुळीत काळा पट्टा. जी काय माहिती आहे ती एवढ्यातच. ती वाचता आली नाही, तर कान कितीही तयार असला तरी पैसे जातात.

आधी एक शहर धरा

"सोल-फंक जमवतो" म्हणणाऱ्याकडे दोन वर्षांनी नुसता ढीग असतो. एक शहर, एक अरेंजर (गाण्याची वाद्यरचना बांधणारा) किंवा एखादा प्रकार धरावा. ह्यूस्टनचं कॅशमियर स्टेज बँड हे हायस्कूलच्या मुलांचं बँड. कॉनरॉड जॉन्सन या त्यांच्या शिक्षकाने त्यांच्याकडून असं फंक वाजवून घेतलं की शाळांच्या बँडच्या रेकॉर्ड हा आज संग्राहकांचा स्वतंत्र नाद आहे. ओहायोतल्या कोलंबसचं कॅपसोल हे असंच छोटं लेबल. जुन्या रेकॉर्ड पुन्हा काढणाऱ्या शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने आपली 'एक्सेन्ट्रिक सोल' मालिका त्याच्यापासूनच सुरू केली. अशी पुनर्मुद्रित संकलनं आधी घ्या. त्यांच्या पुस्तिकेत स्टुडिओ, वादक, गावं यांचा नकाशा असतो, आणि तो एका मूळ प्रतीपेक्षा खूप स्वस्तात मिळतो.

मग लेबलवरची बारीक अक्षरं. गायकाचं नाव सगळेच वाचतात. तुम्ही निर्माता, अरेंजर आणि पब्लिशर (गाण्याचे हक्क सांभाळणारी कंपनी) वाचा. डेट्रॉइटच्या रेकॉर्डवर अरेंजर म्हणून माइक टेरीचं नाव असेल, तर गायक अनोळखी असला तरी ऐकून बघावी; मोटाउन या तिथल्या बड्या लेबलच्या गाण्यांत बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवणारा हा माणूस छोट्या लेबलांसाठीही काम करायचा. दोन वेगळ्या लेबलांवर पब्लिशर आणि अरेंजर तेच दिसले, की मागचा माणूस बहुधा एकच असतो आणि तिसरी रेकॉर्डही कुठेतरी असते. फंकमध्ये गाणं 'पार्ट १' आणि 'पार्ट २' असं दोन बाजूंना तोडलेलं असतं. गाणं पहिल्या बाजूला, आणि ज्यासाठी लोक पैसे मोजतात तो मोकळा ड्रमचा तुकडा पुष्कळदा दुसऱ्या. उलटी बाजू न ऐकता रेकॉर्ड परत ठेवू नका.

स्टायरीन की व्हिनाइल

हा प्रश्न किमतीच्याही आधी विचारायचा. अमेरिकेत बऱ्याच फॉर्टी-फाइव्ह व्हिनाइलच्या नव्हत्या, साच्यात ओतलेल्या पॉलिस्टायरीनच्या होत्या. लॉस एंजेलिसचा मोनार्क आणि न्यू जर्सीतल्या पिटमनचा कोलंबियाचा कारखाना यासाठी ओळखले जातात. ओळखायचं असं: कडेला बोटाने धरून नखाने हलकी टिचकी मारा. व्हिनाइल मऊ, बोदा आवाज देतं, स्टायरीन टणटणतं. व्हिनाइलवर लेबल दाबतानाच बसतं, म्हणून ते पृष्ठभागात मुरल्यासारखं दिसतं. स्टायरीनवर ते नंतर चिकटवलेलं असतं, कधी कोपरा उचललेलाही दिसतो, किंवा शाई थेट प्लास्टिकवर छापलेली असते. वाकवून मात्र बघू नका, स्टायरीन मोडतं.

फरक पडतो तो इथे: नवं असताना स्टायरीन छान, स्वच्छ वाजतं, पण झिजलेल्या सुईने त्याची खाच एकदा चुरली की कुठल्याही धुण्याने परत येत नाही. रेडिओवरचे डीजे गाण्याच्या सुरुवातीला तबकडी मागेपुढे फिरवायचे. त्यामुळे पहिल्या काही सेकंदांत 'श्श्श' असा फसफसता आवाज येतो, त्याला क्यू बर्न म्हणतात. तबकडी दिव्याखाली आरशासारखी चमकते आणि वाजवली की गायकाचा 'स' फाटतो. म्हणून स्टायरीन नुसती बघून घेऊ नये. विक्रेत्याने वाजवून दर्जा दिलाय का, हे विचारावं.

काळा पट्टा वाचणं

शेवटची खाच आणि लेबल यांमधली जागा म्हणजे डेड वॅक्स. टेबललॅम्प बाजूला, खाली घ्या आणि तबकडी तिरपी धरून हळू फिरवा. समोरून न दिसणारी अक्षरं उजेड आडवा पडला की उठून दिसतात. काही ठिकाणी ती ठशाने उमटवलेली असतात, काही ठिकाणी हाताने कोरलेली.

छोटा त्रिकोण आणि पुढे आकडा दिसला तर मोनार्क. हे आकडे क्रमाने वाढत गेले, त्यामुळे त्यांवरून काळ ठरवता येतो. दुसऱ्या बाजूला त्याच आकड्यापुढे 'एक्स' असतो. 'नॅशव्हिल मॅट्रिक्स' असा ठसा असेल तर काम नॅशव्हिलला झालेलं. 'एआरपी' ही अक्षरं एकमेकांत गुंतलेली दिसली तर मिशिगनमधल्या ओवोसोचा अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंग हा कारखाना. तो १९७२ मध्ये जळाला, म्हणजे त्याचा ठसा असलेली प्रत त्याआधीची. आरसीएने बाहेरच्यांसाठी काढून दिलेल्या रेकॉर्डवर 'टीके४एम' अशा धाटणीचा क्रमांक असतो. त्यातलं पहिलं अक्षर वर्ष सांगतं: आर म्हणजे १९६४, एस १९६५, टी १९६६, यू १९६७, डब्ल्यू १९६८.

लेबलवरच्या पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर रेकॉर्ड जुलै १९६३ नंतरची, कारण झिप कोड तेव्हाच सुरू झाला. वर्तुळातला 'पी' अमेरिकन रेकॉर्डवर १९७२ पासून दिसू लागतो. १९६६ ची मूळ प्रत म्हणून विकायला ठेवलेल्या तबकडीवर तो असेल, तर पुढे बोलायचं कारण नाही.

नकली प्रती

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या क्लबांनी, विशेषतः १९७३ ते १९८१ चाललेल्या विगन कसिनोने, विस्मरणात गेलेल्या अमेरिकन सोलला भाव आणला आणि लगोलग नकला निघाल्या. डीजे मंडळी आपला शोध लपवायला लेबलवर कागद चिकटवून खोटं नाव सांगायची, आणि नकलाही खोट्या नावाने निघायच्या. मोटाउनच्या सोल या उपलेबलवर १९६५ मध्ये निघालेली फ्रँक विल्सनची रेकॉर्ड सत्तरच्या दशकात 'एडी फॉस्टर' या नावाने नकली विकली गेली. तिची मूळ प्रत २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना गेली. अशा महागड्या रेकॉर्डमागे नव्या माणसाने लागू नये. त्याच स्टुडिओची, त्याच वादकांची, दहा-वीस डॉलरची तबकडी पुष्कळदा तेवढाच आनंद देते.

नकल ओळखताना एका खुणेवर विसंबू नका. मूळ ठशाच्या जागी हाताने खरवडलेला क्रमांक ही मोठी खूण, पण अनेक अस्सल छोट्या लेबलांवरही क्रमांक हाताने कोरलेलाच असतो. म्हणून डिस्कॉग्ज किंवा फॉर्टी-फाइव्ह कॅट या रेकॉर्डच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर मूळ प्रतीच्या डेड वॅक्सची नोंद पाहून अक्षरन् अक्षर ताडा. मूळ फक्त स्टायरीनवर निघाली असेल आणि समोरची व्हिनाइल असेल, तर निकाल लागला. फोटोवरून फोटो काढल्यासारखी पसरलेली छपाई, बारीक अक्षरांच्या भरून गेलेल्या पोकळ्या, अवास्तव चकचकीत कागद यांकडेही बघा.

पांढऱ्या लेबलच्या प्रमोशनल प्रतीला आपोआप जास्त किंमत देऊ नका. न चाललेल्या रेकॉर्डच्या रेडिओला वाटलेल्या प्रतीच पुष्कळदा जास्त उरल्यात आणि दुकानात गेलेली रंगीत लेबलची प्रत दुर्मिळ आहे.

दर्जा आणि भाव

तबकडीच्या दर्जाचा अमेरिकेत निअर मिंट (जवळपास नवी), व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी असा उतरता क्रम. ब्रिटनचा 'एक्सलंट' साधारण अमेरिकेच्या व्हीजी प्लसच्या आसपास. वर्णनातल्या 'डब्ल्यूओएल' म्हणजे लेबलवर कुणीतरी लिहिलंय, 'एसओएल' म्हणजे लेबलवर स्टिकर, 'ड्रिल होल' म्हणजे उरलेला माल स्वस्तात काढताना लेबलला पाडलेलं भोक. यातलं काहीच आवाजाला लागत नाही, म्हणून ऐकणाऱ्याने अशा प्रती आनंदाने घ्याव्यात. दणदणीत फंक व्हीजीतही चालून जातं. संथ सोल बॅलडला मात्र तीच खरखर सोसवत नाही.

भाव ठरवताना मागितलेली किंमत बघू नका, विकली गेलेली बघा. डिस्कॉग्जवर मागच्या विक्रीचे आकडे असतात, पॉपसाइक या संकेतस्थळावर लिलावांचे.

भारतात मागवताना खरा फटका पोस्टेजचा. एका तबकडीच्या आणि आठ तबकड्यांच्या पाकिटात खर्चाचा फरक त्या मानाने थोडा, म्हणून एकाच विक्रेत्याकडून जमवून मागवा. कस्टम ड्यूटी मोजताना पोस्टेजही किमतीत धरलं जातं, हेही हिशोबात घ्या. न्यू जर्सीत किंवा शिकागोत कुणी नातेवाईक असेल तर पार्सल तिकडे जमवून ठेवावं. पन्नास फॉर्टी-फाइव्ह जेमतेम दोन किलो भरतात, हातातल्या बॅगेत येतात. विक्रेत्याला दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा घालायला सांगा, आणि दोन्ही पुठ्ठ्यांच्या आतल्या पन्हळी एकमेकींना आडव्या ठेवायला. तशा ठेवल्या की पाकीट वाकत नाही.

वाजवणं, धुणं, ठेवणं

दीड इंची भोकासाठी अडॅप्टर लागतो. गाणं वर-खाली डुलतंय आणि सुईचा दांडा डावी-उजवीकडे झुलतोय, तर भोक मध्यावर नाही. छोट्या कारखान्यांत हा दोष नेहमीचा. थोडा सैल अडॅप्टर वापरून तबकडी केसभर सरकवा, दांडा स्थिर होईपर्यंत. स्टायरीनला गोल टोकाची सुई बरी. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५सी चालते, तबकडीवर तिचा भार २ ग्रॅम ठेवा. तबकडी हाताने मागे फिरवू नका.

धुण्यासाठी एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ५ मिलि कोडॅक फोटो-फ्लो (फिल्म धुताना वापरायचं द्रावण) घाला. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने फिरवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दुसऱ्यांदा. स्टायरीनवर अल्कोहोल टाळा, आणि लेबल ओलं होऊ देऊ नका, डिंक सुटतो.

जुनी पाकिटं जपायची असतील तर वेगळी ठेवा. तबकडी नव्या आम्लरहित कागदी पाकिटात, वरून पॉलिप्रॉपिलीनचं. मऊ पीव्हीसीचं कव्हर नको, ते कालांतराने तबकडीवर धुरकट डाग सोडतं. रेकॉर्ड उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. कोकणात किंवा मुंबईत कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, कारण जूनमध्ये ओल त्या भिंतीतूनच येते आणि बुरशी आधी कागदाला लागते. प्रत्येक खोक्यात सिलिका जेलची पुडी टाका. निळे दाणे गुलाबी झाले की काढून मंद आचेवर तव्यावर पुन्हा निळे होईपर्यंत परता. तो तवा मात्र परत स्वयंपाकाला वापरू नका.