पिवळ्या धोत्र्याचा काढा हिवतापावर चालतो का, हे कसे तपासावे

सोलापूरच्या आसपास, रस्त्याच्या कडेला आणि पडीक रानात, थंडी सरता सरता पिवळा धोत्रा फुललेला दिसतो. पांढऱ्या शिरांची काटेरी पाने आणि देठ मोडताच बोटाला लागणारा पिवळाधमक चीक ही त्याची खूण आहे. याच झाडाचा काढा पश्चिम आफ्रिकेतील माली देशात हिवतापावर घेतला जातो आणि तेथे त्याची रुग्णांवर रीतसर चाचणीही झाली आहे. तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याला आपल्याकडे हे काम करायचे असेल, तर सुरुवात प्रयोगशाळेतून न करता झाडापासून करावी.

‘धोत्रा’ हे एकच नाव आपण दोन झाडांना लावतो. कर्ण्यासारख्या फुलांचा, काटेरी गोल फळांचा धोत्रा म्हणजे धतुरा असून तो जहाल विषारी आहे, आणि पिवळा धोत्रा म्हणजे अर्जेमोनी मेक्सिकाना. म्हणून फुलासह फांदी कागदात दाबून वाळवावी, ठिकाण व तारीख लिहावी आणि पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्राकडून नाव पक्के करून घ्यावे. झाडाचा कोणता भाग घेतला, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पिवळ्या धोत्र्याच्या बिया मोहरीसारख्या दिसतात, त्यांच्या तेलात सँग्विनरीन हे विष असते, आणि १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीच्या मोहरीतेलाने अंगावर सूज येऊन अनेक माणसे दगावली. त्यामुळे नमुना बोंडे धरण्यापूर्वीच घ्यावा आणि एखादे बोंड आलेच असेल तर ते वेचून काढावे.

त्यानंतर लोक प्रत्यक्षात काय पितात, ते विचारावे. पाला ओला की वाळलेला, किती पाण्यात किती वेळ उकळला, किती दिवस घेतला आणि मुख्य म्हणजे त्या वेळी रक्त तपासले होते का, हे लिहून घ्यावे. ‘मूठभर पाला’ असे उत्तर मिळाले तर त्याच घरात, त्याच बाईंच्या मुठीतला पाला काट्यावर ठेवून ग्रॅम मोजावेत. हा कंटाळवाणा भाग बहुतेक प्रबंधांत गाळलेला असतो, आणि पुढची मात्रा तर त्याच्यावरच बेतायची असते. तपासणी याच काढ्याची करावी. मात्र जोडीला कमी तापमानाला काढलेला अर्कही ठेवावा, कारण चीनमध्ये तू यूयू या शास्त्रज्ञ महिलेला हिवतापावरचे आर्टेमिसिनिन हे औषध हाती लागले ते दुसऱ्या एका झाडाचा पाला उकळणे सोडून ईथर वापरल्यावर.

प्रयोगशाळेत मानवी तांबड्या पेशींत वाढवलेल्या फाल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीवर अर्काच्या वेगवेगळ्या मात्रा सोडून ७२ तासांनी वाढ किती रोखली गेली, ते पाहतात. यासाठी एक क्लोरोक्वीन या हिवतापावरील जुन्या औषधाला दबणारा आणि एक न दबणारा असे दोन वाण घ्यावेत आणि प्रत्येक वेळी क्लोरोक्वीनही सोबत चालवावे. निम्मी वाढ रोखणारी मात्रा मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर अर्क दखलपात्र समजतात. हाच अर्क निरोगी सस्तन पेशींवरही तपासावा. पेशींना मारणारी मात्रा परजीवीला मारणाऱ्या मात्रेच्या दसपट तरी नसेल, तर तो अर्क औषध नसून नुसते विष आहे. उंदरांना हिवताप आणणाऱ्या बर्घेई परजीवीवरची चार दिवसांची चाचणी आणि २००० मिलिग्रॅम प्रतिकिलोची विषारीपणाची चाचणी प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीनंतरच करावी. एकच मात्रा देऊन १४ दिवस पाहणे येथे पुरेसे नाही. सँग्विनरीनचा परिणाम रोजच्या सेवनाने साचत जातो, म्हणून २८ दिवसांची चाचणी, तीही यकृत आणि हृदयाच्या तपासणीसह, टाळू नये.

माणसांवरील चाचणी नैतिकता समितीची मान्यता, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदणी आणि अनुभवी डॉक्टर यांच्याशिवाय सुरू करता येत नाही. गरोदर स्त्रिया, लहान मुले व गंभीर रुग्ण वगळावेत, आणि ताप किंवा परजीवी वाढताच प्रमाणित औषध द्यावे. तुलना नेहमी प्रमाणित औषधाशीच हवी: आयुष-६४ या आयुर्वेदिक गोळीची व्हायव्हॅक्स या दुसऱ्या प्रकारच्या हिवतापाच्या रुग्णांत तशी तुलना झाली, तेव्हा क्लोरोक्वीन स्पष्टपणे सरस ठरले. मालीतील चाचणीत ३०१ रुग्ण होते. काढा घेणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांना आणि आर्टेमिसिनिनयुक्त औषध घेणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांना २८ दिवसांत दुसऱ्या औषधाची गरज पडली नाही. आकडा मोहात पाडणारा आहे, पण मालीत माणसाला वारंवार हिवताप होऊन अंगात थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते आणि तिथे रक्तातला परजीवी पूर्ण नाहीसा होणे हा यशाचा निकष नव्हता. सोलापूरच्या माणसाच्या अंगात ती शक्ती नसते. म्हणून इथल्या तक्त्यात ताप उतरल्याचा रकाना आणि काचपट्टीवरील परजीवींच्या मोजणीचा रकाना वेगळे ठेवावेत. शिवाय व्हायव्हॅक्स यकृतात दडून महिन्यांनी पुन्हा उलटतो, तेव्हा त्या रुग्णांना सहा महिने तरी बोलावत राहावे.