तालमीतून एमएमएच्या पिंजऱ्यात: पैलवानानं तयारी कशी करायची

तालमीतली पोरं हल्ली सारखी विचारतात, एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारा पिंजऱ्यातला खेळ) खेळायचंय, सुरुवात कुठनं करू. आणि विचारणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात एकच हिशोब असतो की कुस्ती येतेच, आता चार ठोसे मारायला शिकलो की झालं. अर्धं खरंय ते. लढत उभ्यानं चालणार की खाली, हे कुस्ती येणारा माणूस ठरवतो आणि हा लई मोठा फायदा आहे. पण पैलवानाला ठोसे शिकायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा जास्त वेळ मातीत लागलेल्या सवयी मोडायला लागतो, आणि मार तिथंच खातो तो.

पहिली सवय, पाठीची भीती. कुस्तीत पाठ टेकली की खेळ खल्लास, त्यामुळे खाली पडलो की आपण आपोआप पोटावर वळतो आणि घट्ट धरून बसतो. एमएमएत पोटावर वळलात की समोरचा पाठीवर चढणार, पाय आत घालणार आणि मागून गळा आवळणार. इथं चितपट नावाचा प्रकारच नाही, पाठीवर पडूनसुद्धा पायांनी समोरच्याला अडवता येतं, हात-गळा पकडता येतो. म्हणून पहिले काही महिने नो-गी जिउ-जित्सूच्या (जाड कोट न घालता खाली पडून पकडी लावायचा खेळ) क्लासला मुद्दाम पाठीवर पडून सुरुवात करा. लाज वाटेल, वजनानं निम्मं पोरगं येऊन टॅप (थापटून हार मानणं) करायला लावेल, लावू द्या. आणि टॅप वेळेवर करा, पैलवानी इज्जतीपायी कोपर सुजवून घरी जाण्यात काही अर्थ नाही.

दुसरी सवय एकेरी पटाची (समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव). आपण पट काढताना डोकं बऱ्याचदा बाहेर जातं, मान खाली जाते. तालमीत चालून जातं, इथं समोरचा काखेत मान घेतो, मनगटाचं हाड हनुवटीखाली घालतो आणि कंबर पुढे रेटतो. हाच तो गिलोटिन. मुंबईचा भरत खंडारे नोव्हेंबर २०१७ मधे शांघायला यूएफसीत (अमेरिकेची मोठी एमएमए संघटना) उतरला, कुस्तीतनंच आलेला गडी, आणि सोंग यादोंगनं पहिल्याच राउंडमधे गिलोटिननं लढत संपवली. रितू फोगाट २०१९ ला कुस्ती सोडून वन चॅम्पियनशिपमधे (आशियातली एमएमए संघटना) गेली, भरपूर लढती जिंकली, पण डिसेंबर २०२१ च्या फायनलला स्टॅम्प फेअरटेक्सनं आर्मबार (हात कोपरातनं उलटा ताणायची पकड) लावला. आणि स्टॅम्प मुळात मुए थाईवाली (ठोसे-लाथांचा थाई खेळ) बरं का! भरत आणि रितू कच्चे होते असं अजिबात नाही, पण पैलवानासाठी सापळे कुठं असतात ते यातनं दिसतं.

मग करायचं काय, तर पट काढताना डोकं आत, कान त्याच्या बरगडीला चिकटलेला, नजर वर. रिकाम्या हातानं पट कधीच काढायचा नाही, आधी एक जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), त्याचे हात वर गेले की मग खाली घुसायचं. तरी मान अडकलीच तर ओढून काढायला जाऊ नका, अजून आवळते. दोन्ही हातांनी त्याचं मनगट खाली खेचा, हनुवटी आत दाबा आणि मान त्याच्या ज्या काखेत अडकलीय त्याच्या उलट्या बाजूला आपलं अंग न्या. हे एवढंच रोज दहा मिनिटं जोडीदाराबरोबर केलं तरी पुष्कळ.

तिसरी गोष्ट स्टान्स, म्हणजे उभं राहायची ढब. वाकून, डोकं पुढे काढून उभं राहिलात की समोरच्याला लाथ मारायला डोकं आयतंच मिळतं. थोडं ताठ, हात गालापाशी. बॉक्सिंग किंवा मुए थाई कुठलंही एक धरा, सगळं एकदम शिकायला गेलात तर काहीच येणार नाही. जॅब, क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा), लो किक (पायावर लाथ) आणि लो किक अडवणं, पहिल्या अमॅच्युअर (हौशी) फाइटला एवढं चांगलं येत असेल तर बास.

आठवडा साधारण असा लावा: दोन दिवस स्ट्रायकिंग (ठोसे-लाथा), दोन दिवस जिउ-जित्सू, एक दिवस कुस्ती (तालीम सोडू नका, तीच तुमची भाकरी आहे), एक दिवस सगळं मिसळून आणि एक दिवस पूर्ण आराम. मिसळायच्या दिवशी पिंजऱ्याच्या भिंतीवर काम करा. मातीत भिंत नसते, इथं समोरचा तुम्हाला जाळीला दाबून ठेवतो, शिवाय त्याला पाडलंत तरी तो जाळीला पाठ लावून सरकत उठतो. जिममधे पिंजरा नसेल तर पॅड लावलेली भिंत चालते.

स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) हलकं ठेवा, सोळा औंसचे ग्लोव्ह्ज घालून. जोरात फक्त फाइटच्या आधीच्या काही आठवड्यात आणि तेही आठवड्यातनं एकदाच. जो कोच रोज पोरांना एकमेकांची डोकी फोडायला लावतो तिथनं सरळ निघा. डोक्याला मार बसून चक्कर, उलटी, अंधारी असलं काही झालं तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्पारिंग बंद, वाद नाही.

दमाचं बघू. मॅटवरची फ्रीस्टाइल कुस्ती तीन-तीन मिनिटांची दोन सत्रं, मधे तीस सेकंद. अमॅच्युअर एमएमए साधारण तीन मिनिटांचे तीन राउंड, मधे एक मिनिट, आणि प्रोला गेलात की राउंड पाच मिनिटांचे. जोर, बैठका, दोरी चढणं, हौद्यातली माती खणणं हे सगळं चालू ठेवा, जिमच्या कुठल्याही मशीनपेक्षा भारी आहे, फक्त त्यात राउंडच्या वेळेप्रमाणे बॅगवर आणि खाली धरपकडीत जोर लावायची सवय घाला.

वजन. ५६.७, ६१.२, ६५.८, ७०.३, ७७.१ असे किलोतले गट आहेत, पुढे अजून आहेत. पहिल्या फाइटला पाणी तोडून (अंगातलं पाणी घालवून) वजन उतरवायच्या नादाला लागू नका. अमॅच्युअरला बऱ्याचदा वजन त्याच दिवशी सकाळी होतं, अंगात पाणी भरायला वेळच नसतो. डिसेंबर २०१५ मधे यांग जियान बिंग हा चिनी फायटर वजन उतरवतानाच गेला, त्यानंतर वन चॅम्पियनशिपनं पाणी तोडून वजन करायची पद्धतच बंद केली. दोन-तीन किलो जास्त असेल तर दोन महिने आधीपासनं तूप आणि थंडाई कमी करा, दूध-अंडी-डाळ राहू द्या. जिमवाल्यानं दिलेली बिनलेबलची पावडर घेऊ नका, डोपिंगमधे सापडलात तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

सामानात माउथगार्ड (गरम पाण्यात घालून दाताला बसवायचा), खालचा गार्ड (जांघेचा), शिन गार्ड (नडगीचा) आणि रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट) आधी घ्या, बाकी हळूहळू. नखं कापा, मॅटवरनं उतरलात की लगेच आंघोळ. गजकर्ण झालं तर लपवून मॅटवर येऊ नका, अख्ख्या जिमला वाटाल.

फाइट घ्यायच्या आधी आयोजकाकडून नियम लिहून मागा. अमॅच्युअरला आंतरराष्ट्रीय नियमात कोपर मारणं, डोक्याला गुडघा आणि हील हुक (टाच पिळायची पकड) बंद असतात, पण गावोगावच्या शोमधे कोण काय चालवेल सांगता येत नाही. एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी चे रिपोर्ट मागत नसतील आणि पिंजऱ्याजवळ डॉक्टर नसेल तर त्या शोला नाव देऊ नका, पोस्टरवर तुमचा फोटो कितीही मोठा छापत असले तरी.