आल्याचं फसफसतं सरबत: सातारच्या हवेत तापमान कसं सांभाळावं

सातारा जिल्ह्यात आलं भरपूर पिकतं, कोरेगाव भागात तर विशेष. मंडईत मातीसकट ताजं आलं मिळतं आणि घरी जिंजर बिअर, म्हणजे हेच आल्याचं फसफसतं सरबत, करायला तेच लागतं. नावात बिअर असली तरी ही धान्याची बिअर नव्हे. खरी बिअर परवान्याशिवाय गाळणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, तेव्हा त्या वाटेला जायचं नाही. पण तापमानाचं गणित दोन्हीकडे एकच आहे. साखर खाऊन वायू करणारं यीस्ट दोन्हीकडे राबतं आणि ते उष्ण-थंड फार मानतं. बिअरवाले एल जातीची बिअर साधारण १८ ते २२ अंशांवर आंबवतात, लागर ही दुसरी जात ९ ते १३ वर. जर्मन अभियंते कार्ल फॉन लिंडे यांनी १८७० च्या दशकात शीतयंत्रं बनवली ती आधी ब्रुअरींसाठीच, म्हणजे बिअरच्या कारखान्यांसाठीच. आपल्या आल्याच्या सरबताला २२ ते २५ अंश सेल्सिअस मानवतं.

३० च्या वर गेलं की यीस्ट घाईवर येतं, आंबटपणा वाढवणारे जिवाणूही जोर धरतात. चव उग्र होते, थिनरसारखा वास येतो आणि बाटलीतला दाब पाहता पाहता चढतो. १८ च्या खाली काम रेंगाळतं.

म्हणून आधी थर्मामीटर आणा. फिशटँकसाठी मिळतो तो वायरवाला डिजिटल चालतो. त्याचं टोक बरणीला बाहेरून चिकटपट्टीनं लावा आणि वर कापडाची जाड घडी बांधा, म्हणजे खोलीच्या हवेचं नव्हे तर आतल्या रसाचं तापमान कळेल. आंबताना रस स्वतःही थोडी उष्णता सोडतो, त्यामुळे भिंतीवरच्या आकड्यावर विसंबू नका. दुपारी तीनला आणि पहाटे, असं दोनदा बघा. दोन्हींत सात-आठ अंशांची तफावत असेल तर सरासरी कितीही चांगली असो, यीस्टला ते सोसत नाही.

विरजण धरणं

काचेच्या बरणीत दोन कप उकळून गार केलेलं पाणी घ्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून उकळणं टाळू नका. त्यात सालीसकट किसलेलं एक चमचा आलं आणि एक चमचा साखर घाला. आलं धुवा, पण साल खरवडू नका, यीस्ट सालीवरच असतं. तोंडाला फडकं बांधा, रोज ढवळून पुन्हा चमचा-चमचा आलं-साखर घाला. पाच ते सात दिवसांत वर बारीक बुडबुडे येतात, कान लावला तर सळसळ ऐकू येते. बुरशी दिसली तर सगळं टाकून द्या, वरचं काढून चालणार नाही.

रस

एक लिटर पाण्यात ८० ग्रॅम किसलेलं आलं आणि १५० ग्रॅम साखर दहा मिनिटं उकळा. गॅस बंद करून उकळून गार केलेलं एक लिटर पाणी मिसळा, दोन लिंबं पिळा आणि गाळा. आता थांबा. रस २५ अंशांवर येईपर्यंत विरजण घालू नका, कढत रसात यीस्ट मरतं. मग गाळलेलं अर्धा कप विरजण घालून ढवळा आणि बाटल्यांत भरा; बाटली कशी हवी ते शेवटी सांगितलंय.

उन्हाळ्यात काय करायचं

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ३८ च्या आसपास जातो आणि घरातही ३२-३३ असतं. यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा बादलीवर आहे. वीस लिटरच्या बादलीत दहा लिटर पाणी घ्या आणि रसाची बंद बाटली त्यात गळ्यापर्यंत बुडवा. एवढं पाणी तापायला वेळ लागतो, त्यामुळे दुपारची झळ रसापर्यंत पोचत नाही. शिवाय अर्धा लिटर पाण्याची गोठवलेली बाटली सकाळ-संध्याकाळ सोडली की पाणी तीन-चार अंशांनी उतरतं. एकदम दोन-तीन सोडू नका, आकडा बघून एकेक.

फ्रीजरमध्ये जागा नसेल तर परातीत चार बोटं पाणी घाला, त्यात बाटली उभी करा आणि सुती पंचा गुंडाळून त्याचं टोक पाण्यात बुडवा. कापड पाणी वर ओढत राहतं, पंख्याच्या वाऱ्यात ते उडतं आणि बाटली गार होते, माठासारखी. सातारच्या कोरड्या उन्हाळ्यात चार-पाच अंश सहज उतरतात.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ओल्या पंचाचा उपयोग नाही. हवाच दमट, पाणी उडणार कुठे? पण तेव्हा घरात २४-२५ च असतं, बाटली कपाटात ठेवली तरी भागतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंडी १२-१३ पर्यंत उतरते. तेव्हा बाटली थर्माकोलच्या खोक्यात ठेवा आणि शेजारी कोमट पाण्याची बाटली ठेवून रात्री ती बदला.

बाटली आणि दाब

सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्याच वापरा. काचेची साधी बाटली फुटून डोळ्याला इजा होऊ शकते. वर चार बोटं जागा सोडून झाकण घट्ट लावा. दिवसातून दोनदा बाटली दाबून बघा: पहिल्या दिवशी बोट आत जातं, नंतर दगडासारखी कडक लागते. २४ अंशांवर साधारण दोन दिवस लागतात, ३० ला एका दिवसात होतं. कडक झाली की तडक फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर विसरू नका.

उघडण्याआधी रात्रभर गार करा. थंड पातळात वायू विरघळून राहतो, गरम बाटली उघडली तर निम्मं सरबत फरशीवर जातं. झाकण एकदम न काढता थोडं सैल करा, सुसकारा संपू द्या, मग पुढं फिरवा. थोडा अल्कोहोल यात होतोच आणि बाहेर जास्त दिवस ठेवलं तर वाढतो, म्हणून मुलांना आणि गरोदर बाईला देऊ नका. फ्रीजमधलं आठवड्याभरात संपवा. बाटलीच्या तळाशी बसलेला पांढरा गाळ यीस्टचा असतो, वरचं हलक्या हातानं ओतून घ्या.